सातबाऱ्यावर अकरा नावे आणि नऊ इंच माती

यंदाच्या मे महिन्यात आम्ही तिघे चुलत भावंडे कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावी जमलो, ते जमीन विकायची म्हणून. जमीन कसली, सव्वातीन एकराचा तुकडा. पूर्वीची महारकी. सातबाऱ्यावर नावे अकरा. त्या अकरात बाईचे नाव एकच, तेही आमच्या आजीचे, आजोबा वारल्यावर वारस म्हणून चढलेले. गावातल्या एका बागायतदाराने निरोप धाडला होता की परवानगीचे मागाहून बघू, आधी विसार घ्या, शंभराच्या स्टॅम्पवर सह्या करा. तात्यांच्या ऑपरेशनचे कर्ज अंगावर, धाकटीच्या नर्सिंगची फी भरायची राहिलेली. सगळ्यांचा कल विकण्याकडेच होता.

आजी कोपऱ्यात बसून ऐकत होती. म्हणाली, "विका बाबांनो. पण काय विकताय ते एकदा बघून तरी या."

आम्हा तिघांत एकाने कृषी पदविका केलेली आहे, एक नगरला शाळेत शिकवते आणि एक पिंपरी-चिंचवडला सोसायटीच्या गेटवर सुरक्षारक्षक आहे. तिघांनीही त्या रानात शेवटचे पाऊल कधी टाकले होते ते आठवेना. सब्बल, घमेले आणि दोन कापडी पिशव्या घेऊन गेलो. माती परीक्षणाला नमुना घेतात तसा घेतला. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखे खड्डे घेतले, बांधाजवळची आणि झाडाखालची जागा टाळली, माती एकत्र करून चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकून दिले, पुन्हा तेच, अर्धा किलो उरेपर्यंत. पण हे करताना एक गोष्ट कळली, ती प्रयोगशाळेच्या कागदावर पुढे आलीच नाही. सब्बल नऊ इंचांवर खणकन वाजत होती. खाली मुरूम. सगळ्या रानात तेच.

तिथून ओढ्याच्या कडेला तीनशे पावलांवर त्याच बागायतदाराची विहीर आहे. विहिरीच्या कडेला मातीचा थर उघडा दिसतो. आम्ही उतरून पाहिले. काळी माती आमच्या छातीला लागत होती.

नऊ इंच आणि छातीभर. या फरकावरच हा लेख आहे.

नगर जिल्ह्याचा दक्षिण भाग पर्जन्यछायेत येतो. अकोल्याच्या घाटमाथ्यावर पाऊस धो धो कोसळतो आणि कर्जत, श्रीगोंदा, पारनेरकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, तोही नेमाने नाही. इथले मुख्य पीक रब्बी ज्वारी. ती पेरायची उत्तरा-हस्ताच्या पावसावर आणि नंतर थंडीत वाढवायची जमिनीत मुरलेल्या ओलीवर. म्हणजे इथे पाऊस किती झाला याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न असतो की जमिनीने किती धरून ठेवला. भारी काळ्या जमिनीत मीटरभर खोलीला पिकाच्या उपयोगाचे दीड-दोनशे मिलिमीटर पाणी साठू शकते. आमच्या नऊ इंचांत त्याचा पाव हिस्साही राहत नाही. त्याच गावात, त्याच हस्ताचा, तोच पाऊस. त्याची ज्वारी पोटरीत येते, आमची करपते. मग गाव म्हणते, यांना शेती जमत नाही.

ही गोष्ट शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. आपल्याच जिल्ह्यात राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. तिथल्या संशोधकांनी रब्बी ज्वारीचे वाण जमिनीच्या खोलीप्रमाणे वेगळे केले. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. हे मोलाचे काम आहे आणि ते आपण वापरले पाहिजे. पण शिफारशीचा तक्ता वाचताना आम्हाला एक प्रश्न सुटेना. हलकी, मध्यम, भारी असे तीन रकाने जमिनीचे आहेत. त्या रकान्यांतली माणसे कोण? कुठल्या रकान्यात कुठली आडनावे येतात, याचा तक्ता कुणी केला?

या प्रश्नाच्या जवळ पोचलेला एक शास्त्रज्ञ शंभर वर्षांपूर्वी इथे होऊन गेला. आपल्या चळवळीत त्याचे नाव फारसे घेतले जात नाही. डॉ. हॅरॉल्ड मान.

मान मूळचा रसायनशास्त्राचा माणूस. आधी आसामात चहाच्या मळ्यांच्या मातीवर काम केले. १९०७ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचा प्राचार्य झाला, नंतर मुंबई इलाख्याचा शेतकी संचालक, आणि १९२७ पर्यंत इथे राहिला. माती, पीक, पाणी आणि हवामान या चारही गोष्टींवर त्याने काम केले. १९१० साली त्याने व्ही. ए. ताम्हाणे यांच्याबरोबर नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. कालवा आला, पाणी आले, पण निचऱ्याची सोय झाली नाही. भूजल वर चढले, त्याबरोबर क्षार वर आले आणि चांगली जमीन पांढरी पडली. नगर जिल्ह्यात प्रवरेच्या कालव्याखाली चोपण झालेली राने ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. नीरेचा धडा त्याआधी सोळा वर्षे कागदावर होता.

पुढे म्हातारपणी त्याने मुंबई इलाख्यातल्या दख्खनच्या १८६५ ते १९३८ या काळातल्या पावसाच्या नोंदी घेऊन पाऊस आणि दुष्काळ यांच्या नात्यावर पुस्तक लिहिले. ते १९५५ साली आले. चौऱ्याहत्तर वर्षांचा पाऊस. त्यात १८७६-७७ चा दुष्काळ आहे, १८९६-९७ आणि १८९९-१९०० चा आहे, १९१८ चा आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी पाठीवर लेकरे बांधून खडी फोडली ती ही वर्षे.

पण आम्हाला मान महत्त्वाचा वाटतो तो आणखी एका कारणाने. मातीचा अभ्यास करता करता हा माणूस माणसांच्या घरात शिरला. पुण्यातल्या अस्पृश्य वस्त्यांवर त्याने १९१२ साली लिहिले. १९१६ साली दख्खनच्या एका गावातल्या महारांवर स्वतंत्र लेख लिहिला. आणि १९१७ साली पिंपळे सौदागर या गावाचा त्याने केलेला अभ्यास पुस्तकरूपाने आला. त्यात जमिनीचा प्रकार आहे, पीक आहे, विहिरी आहेत आणि प्रत्येक घराचे उत्पन्न, खर्च, कर्जही आहे. त्या गावात सरासरी धारण १७७१ साली चाळीस एकर होती, ती १९१५ च्या सुमाराला सातवर आली होती. १५६ खातेदारांकडे सातशेहून जास्त तुकडे होते. त्यातले ४६३ एकराच्या आतले, ११२ तर पाव एकराच्याही आतले. चार वर्षांनी, १९२१ साली, त्याने एन. व्ही. कानिटकर यांच्याबरोबर जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा तसाच अभ्यास प्रसिद्ध केला. ते गाव शिरूर तालुक्यातले, आपल्या नगरच्या हद्दीपासून फार लांब नाही.

मातीचा रिपोर्ट लिहायला निघालेल्या माणसाला घराघरांचे कर्ज का मोजावेसे वाटले असेल? आम्हाला वाटते, त्याला दिसले असणार की निव्वळ मातीने उत्तर मिळत नाही. एकाच मातीत एक घर तरते आणि दुसरे बुडते.

इथे एक गंमत सांगितली पाहिजे. आमचा सुरक्षारक्षक भाऊ ज्या सोसायटीच्या गेटवर उभा असतो ती सोसायटी पिंपळे सौदागरमध्येच आहे. मानने मोजलेल्या सातशे तुकड्यांवर आज टॉवर उभे आहेत. भावाला आम्ही हे सांगितले तेव्हा तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तिथे जमीन असलेल्यांचे टॉवर झाले. आणि आपण जमीन सोडून त्यांच्या गेटवर."

आता बाबासाहेबांकडे येऊ. १९१८ साली बाबासाहेब सत्तावीस वर्षांचे होते. त्या वर्षी त्यांनी भारतातल्या लहान धारणा आणि त्यांवरील उपाय यांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी मानचा पिंपळे सौदागरचा अभ्यास वाचून वापरला आहे. बडोद्यात ज्याला राहायला खोली मिळू दिली नाही तो तरुण त्याच सुमारास मुंबई इलाख्यातल्या सर्वांत मोठ्या शेती-अधिकाऱ्यांशी आकड्यांच्या आधारे वाद घालत होता, हे आपल्या पोरांनी लक्षात ठेवावे. बाबासाहेब म्हटले की राज्यघटना एवढेच ज्यांना आठवते त्यांनी तर जरूर.

वाद काय होता? कीटिंग आणि मान यांच्यासारखे अधिकारी म्हणत होते की ज्या धारणेवर एक कुटुंब बऱ्यापैकी जगेल ती किफायतशीर धारणा. म्हणून तुकडे जोडा, धारणा मोठी करा. बाबासाहेबांनी विचारले, कुटुंबाचे पोट हे शेतीचे माप कसे होईल? शेती हा उत्पादनाचा धंदा आहे. धारणा लहान की मोठी हे एकरांवरून ठरत नाही. त्या जमिनीवर लावायला बैल, अवजारे, भांडवल किती आहे आणि राबणारी माणसे किती आहेत, यांच्या प्रमाणावरून ते ठरते. तुमच्याकडे बैलजोडी नाही तर पाच एकरसुद्धा तुम्हाला जास्त आहे. आणि जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे रेटून बसलेली असतील तर नकाशावर तुकडे जोडून काही साधणार नाही. ती माणसे शेतीबाहेरच्या उत्पादक कामात गेली पाहिजेत. म्हणून शेतीच्या दुखण्यावर त्यांनी औद्योगिकीकरणाचा उपाय सांगितला.

आमच्या सव्वातीन एकरांत हे तंतोतंत दिसते. कानिटकरांच्या पिढीने कोरडवाहू शेतीची जी पद्धत बसवली तिच्यात समतल बांध, खोल नांगरट, दोन ओळींत जास्त अंतर आणि वारंवार कोळपणी या गोष्टी होत्या. कोळपणीने वरची माती भुसभुशीत राहते, भेगा बुजतात, ओल उडून जात नाही. शास्त्र बरोबर आहे. पण कोळपे ओढायला बैल लागतात. आमच्याकडे बैल आजोबांच्या वेळी १९७२ च्या दुष्काळात गेले ते पुन्हा आले नाहीत. ट्रॅक्टर तासावर मिळतो, पण वाफसा असतो तेव्हा तो आधी मोठ्या रानात जातो. आमच्याकडे येईपर्यंत ओल उडालेली असते. पाऊस तोच, शास्त्र तेच, वेळ मात्र आमची नाही.

यावर कुणी म्हणेल, की प्रत्येक गोष्टीत जात कशाला आणता? नऊ इंच माती ही निसर्गाची गोष्ट आहे. माती वरच्या अंगाने धुपते आणि खाली ओढ्याला साठते, हे भूगोलाच्या पुस्तकात आहे.

बरोबर. माती खाली वाहते हा निसर्ग. पण खाली कोण बसले आणि वर कोण बसले, हे निसर्गाने ठरवले नाही. महारकीची जमीन आमच्या पूर्वजांना मिळाली ती गावकीच्या कामाच्या मोबदल्यात. चोवीस तास गावची आणि सरकारची चाकरी, मेलेली ढोरे ओढणे, सांगावे पोचवणे, आणि बदल्यात असला तुकडा. या वतनाने माणूस गुलाम होतो म्हणून १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. डिसेंबर १९३९ मध्ये आपल्याच जिल्ह्यात हरेगावला महार वतनदारांची परिषद झाली आणि बाबासाहेब तिथे आले होते. १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने गेली, जमिनी ठरलेली रक्कम भरून घेऊन पुन्हा दिल्या गेल्या, आणि त्या जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत असे ठरले. आमच्या सातबाऱ्यावरचे 'भोगवटादार वर्ग २' हे शब्द तिथून आलेले आहेत. कित्येक जण त्याला अडचण समजतात. विसाराचे कागद घेऊन येणाऱ्यांनाही ती अडचणच वाटते, हे विसरू नका.

प्रत्येक गावात महारकी हलक्याच रानात असेल असा आमचा दावा नाही. काही ठिकाणी ती नदीकाठाला आहे, काही ठिकाणी गावठाणाला लागून आहे आणि आज तिच्यावर बिल्डरचा डोळा आहे. आमचे म्हणणे एवढेच की तुमच्या गावात मोजून पाहा. सब्बल आपल्या हातात आहे.

महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. त्यात त्यांनी शास्त्राचा आणि न्यायाचा प्रश्न एकत्रच मांडला होता. एकीकडे भटशाही आणि गोरे कामगार शेतकऱ्याला कसे नागवतात ते सांगितले, आणि दुसरीकडे डोंगरदऱ्यांत ताली-बंधारे घालून पाणी आणि गाळ जिरवा, ते काम फौजेच्या आणि पोलिसांच्या रिकाम्या हातांकडून करून घ्या, असेही सुचवले. पाणलोट हा शब्द सरकारी फायलींत येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. राहुरीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. नावाचा अर्थ पुरा व्हायचा तर माती तपासताना असूडही वाचला गेला पाहिजे.

मानपाशी माती होती, आकडे होते, माणसाविषयी कळवळा होता. पण तो सरकारी अधिकारी होता. कुणाची जमीन हा प्रश्न त्याने मोजला, उलटा केला नाही. तो बाबासाहेबांनी केला. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मांडले की शेती हा राज्याचा उद्योग असावा, जमिनीचे ठरावीक आकाराचे शेतघटक पाडावेत, जातिधर्माचा भेद न करता गावातल्या कुटुंबांना ते कसायला द्यावेत आणि त्यांनी सामुदायिकपणे कसावेत. कुणी याला स्वप्न म्हणेल. आम्ही मुरमावर उभे राहून विचार केला तेव्हा ते अगदी व्यवहाराचे वाटले. कारण पाणी उताराने वाहते, गट नंबर बघून वाहत नाही. समतल बांध घालायचा तर तो उताराला आडवा गेला पाहिजे. आमच्या वाटण्या पडल्या आहेत उताराच्या दिशेने, उभ्या. अकरा वाटण्या म्हणजे दहा बांध, आणि प्रत्येक बांधाच्या कडेने पाण्याचा लोट माती घेऊन खाली जातो. आमची माती आम्हीच वाटून वाटून त्या ओढ्याला लावली, असेही म्हणता येईल. ती जमा कुणाच्या रानात होते ते वर सांगितलेच आहे.

प्रयोगशाळेचा कागद पंधरा दिवसांनी आला. सामू ८.२, सेंद्रिय कर्ब ०.३१ टक्के, म्हणजे कमी. खतांच्या मात्रा लिहून दिलेल्या. खोलीचा रकाना नव्हता. मालकाच्या नावासाठी एकच ओळ होती. आजीचे नाव घातले.

मग घरात पुन्हा बैठक झाली. आमच्या रानाला लागून भावकीतल्या आणखी तिघांचे तुकडे आहेत आणि एक मातंग कुटुंबाचा. सगळे मिळून चौदा एकरांच्या आसपास, एकाच उतारावरचे. आम्ही मांडले की यंदा विकायचे नाही. मधले बांध मोडून उताराला आडवे तीन बांध घालू. ओढ्याच्या धरणातला गाळ निघतो तेव्हा ग्रामसभेत अर्ज देऊन आपल्या रानाचा हिस्सा मागू. पहिली दोन वर्षे हुलगा, मटकी, बाजरी, आणि रब्बीला हलक्या जमिनीचीच ज्वारी. उत्पन्न एकरांच्या प्रमाणात वाटायचे, मजुरी दिवसांच्या प्रमाणात.

मातंग कुटुंब लगेच तयार झाले. भावकीतले दोघे तयार झाले, तिसऱ्याचे अजून ठरत नाही. तात्यांना हे मुळीच पटलेले नाही. त्यांचे म्हणणे, "तुमचे शास्त्र दोन वर्षांनी पिकणार. माझे व्याज दर महिन्याला पिकते." याला आमच्याकडे चांगले उत्तर नाही. आम्ही तिघांनी पगारातून त्यांचा हप्ता उचलला आहे. तो किती महिने निभेल माहीत नाही. बाबासाहेब भांडवलाविषयी जे म्हणत होते ते आम्हाला निबंधातून नव्हे, या हप्त्यातून कळले.

शेवटी आपल्या कार्यकर्त्या पोरापोरींना चार गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली, आपला सातबारा आणि फेरफार काढा. नावे कुणाची, वर्ग कुठला, बायकांची नावे कुठे गेली, ते वाचा. दुसरी, सब्बल घेऊन रानात जा. आपल्या आणि गावातल्या मोठ्या रानांची खोली मोजा आणि वहीत लिहा. प्रत्येक गावच्या विहाराने एवढे केले तरी वर ज्या तक्त्याबद्दल विचारले तो तयार होईल. तिसरी, गावात पर्जन्यमापक नसेल तर बसवा आणि रोजचा पाऊस टिपा. दुष्काळाच्या यादीत गाव येते की नाही, हे मंडळातल्या दूरच्या नोंदीवर ठरू देऊ नका. आणि चौथी, आपली पोरे स्पर्धा परीक्षांच्या रांगेत उभी आहेत, ती राहोत. पण त्यातल्या काहींनी मृदाशास्त्र शिकावे, हवामानशास्त्र शिकावे, राहुरीला संशोधनाला जावे. हलक्या जमिनीवर राबणाऱ्या घरातला संशोधक असेल तर कागदावर खोलीचा रकानाही येईल आणि मालकाच्या नावाच्या ओळीही वाढतील.

परवा मृगाचा पहिला पाऊस झाला. आडव्या तीन बांधांपैकी एकच पुरा झाला होता. त्याच्या वरच्या अंगाला वीतभर पाणी साठले होते, गढूळ. आजीला काठी धरून नेले. तिने त्यात हात घातला आणि तळाचा गाळ मुठीत वर काढून पाहिला. म्हणाली, "एवढी दरसाल जात होती व्हय?"

जय भीम.